चारशे पंधराचा खण

पाकीट हातात आलं की ते आधी नावावर अंगठा ठेवायचे. कुणाला आलंय, कुणी पाठवलंय, इकडे लक्ष नसे. नजर थेट खालच्या सहा आकड्यांवर जायची. ते ओठांतल्या ओठांत वाचून झाले की अंगठा उचलून पाकीट परत द्यायचे. "नाव घरच्यांनी वाचायचं," म्हणायचे. "आमचं काम आकड्याचं. अष्टे."

'अष्टे' म्हणजे एवढंच. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांतलं बोलणं असं मध्येच कन्नडात शिरतं आणि काही झालंच नाही अशा थाटात मराठीत परत येतं. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिपाई होते. लष्कर मोहल्ल्यात घर होतं. हे स्वतः रेल्वेच्या टपाल कचेरीत सॉर्टर, म्हणजे आलेली पत्रं गावागावांच्या खणांत टाकणारे. निवृत्त झाल्यावर चामराजपुरमला मुलीकडे राहायला आले. तिची आणि आमची कंपाउंडची भिंत एक आहे.

बातमीत महत्त्वाची गोष्ट पहिल्या परिच्छेदात सांगायची असते. मला थोडा उशीर झाला आहे, पण सांगून टाकतो. तीन वर्षं मला या माणसाचा मत्सर वाटत होता. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल: त्याने तुमचं काही बिघडवलेलं नसतं, उलट चार कामं केलेली असतात, आणि तरी त्याचा आवाज फाटकापाशी ऐकू आला की तुमचं जेवण बेचव होतं.

कारण माझे वडील.

वडील, म्हणजे आमचे आण्णा, कराडच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. आई गेल्यावर मी त्यांना म्हैसूरला आणलं. मी पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. पत्नीची नोकरी इथे म्हणून मीही इथे आलो आणि आता घरून मजकूर तपासतो. वडिलांना रस्त्याकडची खोली दिली, मराठी पेपर लावला, मोबाइलवर कीर्तनं लावून दिली. पाच आठवडे ते खिडकीशी बसून राहिले. विचारलं तर उत्तर देत. जेवलो. झोप झाली. गोळी घेतली.

सहाव्या आठवड्यात कुरिअरवाल्याने आमचं एक पार्सल शेजारी टाकलं आणि ते द्यायला हे गृहस्थ आले. वडिलांकडे पाहून म्हणाले, "तुमी कुठले?"

"कराड," वडील म्हणाले. मान वर न करता.

"चारशे पंधरा, एकशे दहा."

वडिलांनी मान वर केली. "तुम्ही कधी आला होता?"

"नाई हो. बेंगळूरच्या पलीकडं मी गेलो नाई. पण कराड माझ्या हातातनं रोज गेलंय."

"मसूर?"

"एकशे सहा."

"उंब्रज?"

"एकशे नऊ."

"मसूरला डेपोतून गाडी लावायचो मी," वडील म्हणाले आणि त्या गाडीची वेळ, तिचा मार्ग, ती कुठल्या फाट्यावर का थांबायची, हे सगळं सांगायला लागले. दहा मिनिटं. मी दारात पार्सल घेऊन उभा होतो. त्यांचं एवढं सलग बोलणं मी त्याआधी कधी ऐकलं असेल, ते मला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी दोघं चामराजपुरमच्या छोट्या स्टेशनावर बाकावर जाऊन बसू लागले. हे वडिलांना 'कंट्रोलर साहेब' म्हणत. वडील त्यांना 'पोस्टमास्तर' म्हणत.

"पोस्टमास्तर नवे हो, सॉर्टर. पोस्टमास्तर खुर्चीत बसतो. आमी उभे."

"तेच. तुमच्यासारखं कोण उभं राहील? मास्तरच म्हणणार."

मला ते 'पेपरवाले' म्हणत. "काय पेपरवाले, आज कुणाला पाडलं?" असं फाटकातून विचारत. उत्तराची वाट पाहत नसत.

त्यांचा खेळ साधा होता. एकाने आकडे म्हणायचे, दुसऱ्याने गाव आणि तिथे जाणारी गाडी सांगायची. एकाने आयुष्यभर माणसं पाठवली होती, दुसऱ्याने पत्रं. दोघांनीही त्यातली बहुतेक गावं पाहिलेली नव्हती. नोकरीत मी मंत्र्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. बोलत नसलेल्या माणसाला बोलतं कसं करायचं, हे नव्या मुलांना शिकवलं होतं. पण मसूरची गाडी कधी सुटायची, हा प्रश्न मला पंचेचाळीस वर्षांत सुचला नव्हता.

गल्लीतल्या सगळ्यांना या गृहस्थांनी पिनकोड शिकवला. त्यांच्या मुलीच्या घरात वरच्या मजल्यावर एक भाडेकरू होते. त्यांचा कडकोळला छोटा कारखाना आहे. कारखान्याचं टपाल उशिरा पोचतं, अशी त्यांची तक्रार होती. यांनी त्यांचं व्हिजिटिंग कार्ड मागितलं. नावावर अंगठा ठेवला.

"पाचशे सत्तर लिवलंय तुमी. कडकोळ पाचशे एकाहत्तर."

"अहो काका, म्हैसूर लिहिलं की पार्टीला बरं वाटतं. कडकोळ म्हटलं की विचारतात, हे कुठं आलं."

"पार्टीला बरं वाटतं. पत्राला काय वाटतं?" मग बोटं धरून सांगू लागले. "नोडी, हे बघा. पैला पाच. म्हंजे कर्नाटक, आंध्र, तेलंगणा, सगळे एका पोत्यात. दुसरा आकडा आला की कर्नाटक येगळं निघतं. तिसऱ्यावर कळतं, हे म्हैसूर शहराचं की भवतालच्या खेड्यांचं. शेवटचे तीन म्हंजे कुठल्या पोस्टातनं पोस्टमन निघायचा. तुमी तिसऱ्याला खोटं बोल्ला. मग पत्र शहरात येऊन तुमाला हुडकतं, आणि तुमी कडकोळला बसून पोस्टाला शिव्या देता."

भाडेकरूंनी कार्डं नवी छापली. वडिलांनी हा प्रसंग मला जेवताना सांगितला. बोटं धरून, 'नोडी'सकट. म्हैसुरात एवढी वर्षं राहून मी कन्नड शिकलो आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मग मी एक गोष्ट केली, जी व्यवसायातल्या माणसाने करायची नसते. रविवारच्या पुरवणीसाठी पिनकोडवर लेख लिहिला. पुण्याच्या सहकाऱ्यांना वाटलं, हलकाफुलका विषय आहे, जागा भरेल. खरं तर तो एकाच वाचकासाठी होता. वडिलांनी तो पेपर घेतला आणि बाकावर नेला. मी खोलीची खिडकी उघडी ठेवून बसलो. ते परत आले तेव्हा दोघंही हसत होते. वडील हसताना खांदे हलवतात, हे मी विसरलो होतो.

"पेपरवाले," गृहस्थ फाटकातून म्हणाले, "वाई कुठं ठेवली?"

मी लिहिलं होतं की पहिले तीन आकडे म्हणजे तुमचा जिल्हा. तसं नाही. वाई सातारा जिल्ह्यात आहे, पण तिचा पिन चारशे बारापासून सुरू होतो, आणि ते आकडे पुण्याच्या बाजूचे. लेखात माझ्या स्वतःच्या जिल्ह्यातलं गाव मी चुकवलं होतं.

"अडतीस वर्षं मला हे कुणी सांगितलं नाई," ते म्हणाले. "वाई साताऱ्याची, मग चारशे बारा का? मोठ्या साहेबांना इचारलं. ते बोल्ले, जसं हाय तसं टाक. आज कंट्रोलर साहेबांनी सांगितलं."

"टपालाला जिल्ह्याशी काय करायचंय?" वडील मला म्हणाले. "त्याला रस्ता लागतो. पुण्याकडून येताना खंबाटकी उतरली की सुरूर, तिथून उजवीकडे वळलं की वाई. साताऱ्याला जाऊन परत कशाला यायचं? मी असतो तर मीपण तशीच गाडी लावली असती."

पुढच्या रविवारी पेपरात चूक दुरुस्तीच्या दोन ओळी आल्या. त्या मीच लिहिल्या. वडिलांनी त्या कापून वहीत ठेवल्या. मूळ लेख ठेवला नाही.

एव्हाना घरात एक फॉर्म पडून होता. आधारवरचा पत्ता बदलायचा. वडिलांच्या कार्डावर अजून कराड होतं. मी माझ्या बाजूचे कागद जोडून, जिथे सही लागते तिथे खूण करून तो त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवला होता. दवाखान्यासाठी बरं पडेल, असं त्यांना सांगितलं. ते खरं होतं, पण अर्धं. त्या सहा चौकटींत त्यांनी म्हैसूरचे आकडे लिहिले की ते माझ्याकडे राहायला आले, असं मी धरून चाललो होतो. तोवर ते पाहुणे होते. आठ महिने फॉर्म कोरा होता. मी दर महिन्याला खण उघडून पाहत असे.

"तुम्ही शेजारच्या काकांना सांगून बघा ना," पत्नी म्हणाली. "त्यांचं ऐकतील."

"माझ्या वडिलांना मी सांगेन."

"तुम्ही सांगितलंय. आठ महिने झाले."

मी गेलो नाही. ती गेली. ते तिला म्हणाले, "बाई, आमी कागद हलवतो. माणूस हलवायचं आमाला जमत नाई." ती परत आली तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा वाटलं.

पुढचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं. पावसामुळे त्या दिवशी दोघं स्टेशनावर न जाता आमच्या व्हरांड्यात बसले होते. मी आत मजकूर तपासत होतो. वडिलांनी त्यांना विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?"

"गोत्तिल्ला. माहीत नाई. आमचे लोक आले तवा पिन नव्हता. साताऱ्याकडचे, एवढं ऐकून हाय; गाव घरात कुणी लिवून ठेवलं नाई." मग ते म्हणाले, "एक सांगू? चारशे पंधराचा खण भरायला लागलो की मी अंगठा उचलायचो."

"म्हणजे?"

"नाव वाचायचो. आमचं आडनाव तिकडं कुणाचं हाय काय, म्हणून. चुकीचं हाय ते. पण वाचायचो."

"मिळालं?"

"दोनदा."

"मग?"

"मग काय? खणात टाकलं. पत्र दुसऱ्याचं, अल्वा?"

 दुसऱ्या दिवशी वडिलांनी पोस्टातून आंतर्देशीय पत्र आणवलं आणि मसूरच्या एका निवृत्त ड्रायव्हर मित्राला लिहिलं. अमुक आडनावाची घरं आपल्या भागात कुठल्या कुठल्या गावांत आहेत, ते कळव. तू सगळ्या रस्त्यांनी गाडी नेली आहेस.

पत्र चिकटवून त्यांनी गृहस्थांच्या हातात दिलं. त्यांनी समोरच्या नावावर अंगठा ठेवला, आकडे पाहिले, उलटून मागची बाजू पाहिली.

"कंट्रोलर साहेब, पाठवणाऱ्याच्या जागी तुमी कराड लिवलंय."

"माझा पत्ता तोच आहे."

"हौदु, खरं हाय. पण मग उत्तर कराडला जातं. आणि तुमी इथं."

मी हातातलं काम थांबवलं. आता ते म्हणतील, म्हैसूर लिहा. ते म्हणाले, "राहू दे. खोडू नका. कराडच्या पोस्टाला एक अर्ज टाकू. आलेलं पत्र इकडं पाठवा म्हणून. चालतं तसं काही महिने."

"जुना पत्ता मग बाद?"

"बाद कशाला? त्याच्यावर एक रेघ मारतात. शेजारी नवा लिवतात. रेघेच्या खालचं वाचता येतं."

अर्ज गेला. तीन आठवड्यांनी मसूरहून उत्तर आलं. पाकिटावर कराडचा पत्ता होता, त्यावर एक आडवी निळी रेघ, आणि बाजूला कुणा अनोळखी कारकुनाच्या अक्षरात आमचा पत्ता. वडील ते पाकीट उजेडाकडे धरून पाहत राहिले. मग फोडलं. ड्रायव्हर मित्राने तीन गावं कळवली होती. वडिलांनी बाकावर बसून ती तीन नावं, त्यांचे पिन आणि तिथे जाणाऱ्या गाड्या सांगितल्या. पत्नी त्या वेळी भाजी घेऊन तिथून येत होती. ती म्हणाली, की काका चष्मा काढून पुसत होते आणि आण्णा दुसरीकडे बघत होते.

"जाऊन या की एकदा," मी नंतर गृहस्थांना म्हणालो. मला वाटलं, आपणही काही द्यावं. "मी तिकीट काढून देतो."

"कशाला, पेपरवाले? तीनातलं कुठलं, कसं कळणार? एकाला गेलो तर दोन गेली. आता तिन्ही हायत. सुम्ने, हाय तसं असू दे."

त्यानंतर आठवड्याभरात मी खण उघडला तेव्हा फॉर्म नव्हता. त्याची झेरॉक्स होती. दोघं मिळून पोस्टातल्या आधारच्या खिडकीवर जाऊन आले होते. पिनच्या सहा चौकटींतले आकडे छापल्यासारखे गोल, सुटे होते. वडिलांचा हात थरथरतो. ते अक्षर त्यांचं नव्हतं. बाकी सगळं वडिलांनी लिहिलं होतं, डेपोच्या लॉगशीटवर लिहीत तसं, उजवीकडे झुकलेलं. 'मार्फत'च्या पुढे माझं नाव होतं.

आठ महिने मला जे हवं होतं, ते माझ्या हातात होतं. मी त्या सहा आकड्यांकडेच पाहत राहिलो. माझ्या घराचा पिन माझ्या वडिलांसाठी शेजाऱ्याने लिहिला होता. मी झेरॉक्स परत ठेवली. वडिलांना काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. नवं कार्ड आलं तेव्हा म्हणाले, "आलं," आणि ते दाखवायला शेजारी गेले.

गृहस्थ गेल्या थंडीत गेले. दवाखान्यात चार दिवस होते. वडील दोनदा भेटायला गेले; दुसऱ्यांदा त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

दिवस झाल्यावर वडिलांनी मला हाक मारली. टेबलावर कागद होता.

"बस. हात चालत नाही माझा. मी सांगतो तसं लिही."

पत्र शेजारी, गृहस्थांच्या मुलीला होतं.

"आण्णा, भिंतीपलीकडे आहे ती. बोलून या की. किंवा मी नेऊन देतो चिठ्ठी."

"टपालाने जाऊ दे," ते म्हणाले. "लिही. 'चि. सौ. यांस आशीर्वाद. तुमचे वडील गेले, त्याला आज पंधरा दिवस झाले. मला या गावी माझ्या मुलाने आणलं. त्याच्याकडे मला काही कमी नाही.'"

मी लिहिलं.

"'पण बोलायला माणूस नव्हतं. ते तुमच्या वडिलांमुळे मिळालं. नाहीतर मी परत गेलो असतो.' पूर्णविराम. लिहिलं का?"

"लिहिलं."

"वाचून दाखव."

इतरांच्या मजकुरातल्या ओळी काढण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. ती ओळ मी मोठ्याने वाचली. वडिलांनी डोळे मिटून ऐकली आणि मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि थरथरत्या हाताने, वेळ लावून, पाकिटावरचा पत्ता स्वतः लिहिला. पाठवणाऱ्याच्या जागीही. दोन्हीकडे तेच सहा आकडे.

मी ते कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. पेटीपासून शेजारचं फाटक पाऊणशे पावलांवर आहे. पत्र तिथून गावातल्या मोठ्या कचेरीत गेलं असणार, कुणी तरी ते उभ्याने खणात टाकलं असणार.

दुसऱ्या दिवशी दहा वाजल्यापासून वडील व्हरांड्यात येऊन बसले. पोस्टमन आला नाही. तिसऱ्या दिवशी परत बसले. चहा तिथेच मागवला, पेपर उघडला नाही. साडेअकराला पोस्टमन गल्लीत शिरला. आमच्या फाटकाशी सायकल हळू झाली, त्याने हातातला गठ्ठा चाळला, आणि तो पुढे गेला. शेजारच्या फाटकाची कडी वाजली.

वडील उठून आत गेले. मी लिहिलेल्या मजकुराची इतकी वाट त्यांनी आधी कधी पाहिली नव्हती. आणि त्यात माझं फक्त अक्षर होतं.